व्हर्टकॉइन : चार आकड्यांची वाटचाल

व्हर्टकॉइनच्या कोडमध्ये एक छोटासा तुकडा आहे, जेमतेम दहा-बारा ओळींचा. ब्लॉकचा क्रमांक २,०८,३०१ च्या आतला असेल तर तो पहिल्या रीतीने तपासा, ३,४७,००० च्या आतला असेल तर दुसऱ्या, १०,८०,००० च्या आतला असेल तर तिसऱ्या, १५,००,००० च्या आतला असेल तर चौथ्या, आणि त्यापुढचा असेल तर पाचव्या. बस्स, एवढंच. वाचणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्यांनी हे चलन सांभाळलं त्यांचा सात वर्षांचा संसार या चार आकड्यांत आहे. प्रत्येक आकड्यामागे एक संकट आहे, आणि जगभर विखुरलेल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी ठरल्या ब्लॉकला एकदम पाऊल उचलल्याची हकिगत आहे.

आभासी चलनांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक भावाबद्दल. चढला किती, पडला किती, कोण लखपती झालं, कोण बुडालं. मला पहिल्यापासून कुतूहल वाटत आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एखादं लहान चलन, ज्याच्यामागे कंपनी नाही, भांडवल नाही, जाहिरात नाही, ते वर्षानुवर्षं चालू राहतं कसं? गावातलं वाचनालय किंवा तालीम ज्यांनी चालवली आहे त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. उद्घाटनाला मांडव भरतो. दहा वर्षांनी पावसाळ्याआधी कौलं चाळायला चारच माणसं येतात, आणि संस्था टिकते ती त्या चौघांवर. व्हर्टकॉइनला इमारत नाही, घटना नाही, निवडून आलेला अध्यक्ष नाही. तरीही ती मला संस्थाच वाटते, आणि म्हणूनच तिची वाटचाल लिहावीशी वाटली.

हे चलन सुरू झालं जानेवारी २०१४ मध्ये. बिटकॉइनला तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत एक मोठी गोष्ट हातची निसटली होती. २००९ साली घरातल्या साध्या संगणकावर बिटकॉइनचं मायनिंग करता येत असे. मायनिंग म्हणजे सामायिक खातेवहीत पुढचं पान, म्हणजे ब्लॉक, जोडण्याचा मान मिळवण्यासाठी संगणकाने केलेली आकडेमोड. पान जोडणाऱ्याला नव्या नाण्यांचं बक्षीस मिळतं. पुढे लोक ग्राफिक्स कार्डं वापरू लागले. २०१३ पासून एसिक आले, म्हणजे त्या एका आकडेमोडीसाठीच घडवलेल्या चिप. दुसरं काहीही त्यांना येत नाही, पण तेवढं एक काम त्या अशा वेगाने करतात की घरचा संगणक त्यांच्यापुढे उभाच राहू शकत नाही. खातेवही लिहिण्याचं काम घराघरांतून उठलं आणि स्वस्त विजेच्या प्रदेशांतल्या मोठमोठ्या शेडमध्ये गेलं. ऑक्टोबर २०११ मध्ये चार्ली ली यांनी आणलेल्या लाइटकॉइनने ‘स्क्रिप्ट’ नावाची वेगळी, जास्त मेमरी खाणारी रीत वापरली होती. २०१४ मध्ये तिच्यासाठीही एसिक बाजारात आले.

व्हर्टकॉइन काढणाऱ्यांचा संकल्प एवढाच होता की ज्याच्याकडे साधं गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड आहे त्या माणसाला या खातेवहीवर कायम लिहिता आलं पाहिजे. बाकी रचना लाइटकॉइनसारखीच ठेवली. दर अडीच मिनिटांनी एक ब्लॉक, सुरुवातीला दर ब्लॉकला ५० नाणी, दर ८,४०,००० ब्लॉकनंतर बक्षीस निम्मं, आणि शेवटी एकूण नाणी ८ कोटी ४० लाख. त्याहून एकही जास्त नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरली होती. कर्त्यांनी स्वतःसाठी आधीच नाणी काढून ठेवायची नाहीत, आणि सार्वजनिक विक्री करून पैसाही उभा करायचा नाही. याचं मोल कळायला वेळ लागतो. इतर कित्येक चलनांच्या कर्त्यांनी पहिल्याच दिवशी आपला वाटा बाजूला काढला आणि पुढे त्यातूनच प्रोग्रॅमरांचे पगार, जाहिराती, परिषदा यांचा खर्च भागवला. व्हर्टकॉइनकडे तिजोरीच नव्हती. सर्व्हरचं भाडं असो की एखादं साधन लिहून घेणं असो, देणग्या मागायच्या नाहीतर कोणीतरी रात्री जागून फुकट करायचं. नैतिक बळ आणि कायमची चणचण, दोन्ही एकाच निर्णयातून आली.

पहिल्या वर्षी जी रीत वापरली तिचं नाव ‘स्क्रिप्ट-एन’. लाइटकॉइनमध्ये मेमरीचा जो मापांक १,०२४ होता तो इथे २,०४८ वरून सुरू झाला, आणि ठरावीक काळाने आपोआप दुप्पट होत जाणार होता. चिप बनवणाऱ्याने आजच्या मापाची चिप बनवली तर उद्या ती अपुरी पडावी, असा हिशोब. कल्पना चांगली होती. पण तिच्यावर अवलंबून राहता येणार नाही हे वर्षभरातच दिसू लागलं. चिपवाल्यांची मजल वाढत होती, आणि ती रीत ग्राफिक्स कार्डांना तापवतही फार होती.

मग पहिला आकडा आला, २,०८,३०१. नवी रीत ‘लायरा२आरई’. तिच्या गाभ्यातलं ‘लायरा२’ ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी रचलं होतं, आणि तेही पासवर्ड सुरक्षित ठेवण्यासाठी. चलनाशी त्याचा काही संबंध नव्हता. जगभरच्या पासवर्ड-हॅश स्पर्धेत २०१५ मध्ये त्याला विशेष उल्लेख मिळाला. व्हर्टकॉइनने ते त्याआधीच उचललं आणि ब्लेक, केचॅक, स्केन, ग्रोस्टल अशा इतर हॅशच्या माळेत ओवलं.

रीत बदलणं हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय करावं लागतं ते सांगतो, कारण या संस्थेचं खरं काम तिथेच आहे. आजपासून काही आठवड्यांनी येणारा एक ब्लॉक क्रमांक ठरवायचा. त्या ब्लॉकपासून जुनी रीत बाद. जो कोणी नोड, म्हणजे खातेवहीची प्रत ठेवून ती तपासणारा संगणक, चालवतो त्याने तोपर्यंत नवा कोड बसवलेला असला पाहिजे. ज्याने बसवला नाही तो जुन्याच साखळीवर राहणार, आणि असे बरेच जण राहिले तर एका चलनाची दोन चलनं होणार. म्हणून पूल, म्हणजे अनेकांचं मायनिंग एकत्र करणारे गट, चालवणाऱ्यांच्या मागे लागायचं, एक्स्चेंजांना पत्रावर पत्रं पाठवायची, वॉलेट लिहिणाऱ्यांची मनधरणी करायची. मायनिंगचं सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं ते वेगळे लोक. त्यांना नवी रीत शिकवायची, एनव्हिडिया आणि एएमडी या दोन्ही कार्डांवर चालवून बघायची. काठिण्याची, म्हणजे ब्लॉक सापडणं किती अवघड असावं याची, पातळी हाताने खाली आणायची, कारण जुन्या रीतीवरून ठरलेलं काठिण्य नव्या रीतीला लागू नाही. ते तसंच ठेवलं तर पुढचा ब्लॉक कधी सापडेल याचा भरवसा उरत नाही. आणि मग वाट पाहायची. सक्ती कोणावरही करता येत नाही. समजावून सांगणं एवढंच हातात.

दुसरा आकडा लवकरच, ऑगस्ट २०१५ मध्ये आला : ३,४७,०००. या वेळी दगा चिपवाल्यांकडून नव्हता. लायरा२आरई साध्या प्रोसेसरवरही बरी चालत असल्याने बॉटनेटवाल्यांना ती फावली. बॉटनेट म्हणजे मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांची फौज. व्हर्टकॉइनच्या मायनिंगचा मोठा हिस्सा अशा चोरीच्या संगणकांकडे जातोय हे ध्यानात आल्यावर रीत पुन्हा बदलली, ग्राफिक्स कार्डाला साजेशी केली. ती ‘लायरा२आरई, आवृत्ती दोन’. पुढची जवळपास साडेतीन वर्षं तिच्यावर गेली.

मधलं २०१७ हे भरभराटीचं साल. सगळ्याच चलनांना त्या वर्षी उधाण आलं होतं, त्यात याचंही भलं झालं. सेगविट हा बिटकॉइनसाठी तयार झालेला सुधार व्हर्टकॉइनवर लागू झाला. सप्टेंबरात लाइटकॉइन आणि व्हर्टकॉइन यांची मध्ये कोणी दलाल न घेता थेट साखळी-ते-साखळी अदलाबदल करून दाखवली गेली. एमआयटीमध्ये ‘लिट’ नावाचा लाइटनिंग, म्हणजे साखळीबाहेर झटपट होणाऱ्या, व्यवहारांचा प्रयोग चालला होता, त्यात बिटकॉइन आणि लाइटकॉइनच्या पंगतीला व्हर्टकॉइनचंही पान मांडलं गेलं. डिसेंबरात पहिल्यांदा बक्षीस निम्मं झालं, ५० वरून २५.

त्या काळातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एक साधन, ‘वन क्लिक मायनर’. मायनिंग सुरू करायचं म्हणजे काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या, पूलचा पत्ता, पोर्ट, ड्रायव्हरची आवृत्ती हे सगळं जुळवायचं. ज्याला हे जमतं तोच ‘सामान्य माणूस’ धरायचा का? या मंडळींनी एक छोटा प्रोग्रॅम केला. तो उघडा, बटण दाबा, मायनिंग सुरू. त्यामागे पी२पूल वापरण्याचा आग्रहही होता. नेहमीच्या पूलमध्ये सगळ्यांचं काम एका मालकाच्या सर्व्हरवर गोळा होतं आणि सत्ता त्याच्याकडे जाते. जून २०१४ मध्ये बिटकॉइनच्या एकाच पूलकडे निम्म्याच्या आसपास शक्ती जमून सगळ्यांची झोप उडाली होती. पी२पूलमध्ये हिशोब सहभागी लोक आपापसांतच ठेवतात. चालवायला जरा किचकट, पण मालक कोणीच नाही.

आणि मग २०१८ उजाडलं.

आवृत्ती दोनसाठीही एसिक येऊन ठेपले. त्यात दुसरी अडचण अशी की संगणकशक्ती भाड्याने देणाऱ्या बाजारपेठा आता चांगल्या रुळल्या होत्या. स्लोव्हेनियातली नाइसहॅश ही त्यातली मोठी. लहान चलनाची एकूण शक्ती ती केवढी. तिच्याहून जास्त शक्ती काही तासांसाठी भाड्याने घेणं कोणालाही शक्य झालं. हल्ला होतो तो असा : हल्लेखोर एक्स्चेंजवर नाणी जमा करतो, ती विकून दुसरं चलन घेतो आणि बाहेर काढतो. त्याच वेळी गुपचूप, कोणाला न दाखवता, तो खातेवहीची आपली वेगळी प्रत लिहीत असतो. तिच्यात ती नाणी एक्स्चेंजकडे गेलेलीच नसतात. भाड्याच्या शक्तीच्या जोरावर त्याची प्रत खऱ्या प्रतीहून भारी झाली की तो ती उघड करतो. जास्त कामाची साखळी खरी, हाच या चलनांचा मूळ नियम, त्यामुळे सगळे नोड निमूटपणे तीच स्वीकारतात. एक्स्चेंजकडची नाणी हवेत विरतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या काळात व्हर्टकॉइनवर असे हल्ले वारंवार झाले. कॉइनबेस या एक्स्चेंजमधले अभियंता मार्क नेस्बिट यांनी ते उघड केलं. साखळी खोलवर उलटल्याच्या २२ घटना, त्यांतल्या १५ वेळा तीच नाणी दोनदा खर्चलेली, आणि अंदाजे एक लाख डॉलरचा गंडा. सर्वांत खोल घाव ३०० हून अधिक ब्लॉकचा होता. ‘लोकांचं चलन’ म्हणवणाऱ्या संस्थेवरचा हा घाला होता. पुष्कळांनी त्या महिन्यांत पाठ फिरवली. जे राहिले त्यांनी तिसरा आकडा ठरवला, १०,८०,०००. फेब्रुवारी २०१९ च्या सुरुवातीला तो ब्लॉक आला, ‘आवृत्ती तीन’ सुरू झाली, आणि आवृत्ती दोनसाठी बनलेले एसिक या साखळीपुरते भंगार झाले.

यानंतरचा प्रसंग मात्र सावकाश सांगायला हवा, कारण या संस्थेचा कस लागला तो तिथे. ३० नोव्हेंबर २०१९, शनिवार. भाड्याच्या बाजारात आपली शक्ती विकणाऱ्या एका मायनरच्या लक्षात आलं की आपल्या यंत्रांकडे व्हर्टकॉइनच्या अशा ब्लॉकचं काम येतंय जे उघड साखळीवर कुठेच नाहीत. कोणीतरी अंधारात वेगळी वही लिहितंय. त्याने ते लगेच कळवलं. भाड्याचे दरही एकाएकी चढलेले दिसत होते. खबर पोहोचली ती व्हर्टकॉइनचे तेव्हाचे मुख्य प्रोग्रॅमर जेम्स लव्हजॉय यांच्याकडे. व्यवहार पक्का धरण्याआधी बिट्ट्रेक्स हे एक्स्चेंज ६०० ब्लॉक थांबत असे. डाव तिथेच टाकला जाणार असा अंदाज बांधून बिट्ट्रेक्सला कळवलं गेलं, आणि तिथलं व्हर्टकॉइनचं वॉलेट बंद झालं. दुकानात दरोडेखोर शिरायच्या आत शटर ओढलं गेलं.

रविवारी, १ डिसेंबरला, हल्लेखोराने आपली साखळी उघड केली. खरे ६०३ ब्लॉक पुसले गेले आणि त्यांच्या जागी त्याचे ५५३ बसले. ६०३ च्या जागी ५५३ कसे, असा प्रश्न पडेल. नियम ब्लॉकांची संख्या पाहत नाही, त्यांत ओतलेलं एकूण काम पाहतो. व्हर्टकॉइनमध्ये काठिण्य दर ब्लॉकला जुळवून घेतं. हल्लेखोराची भाड्याची शक्ती जास्त, म्हणून त्याच्या साखळीवर काठिण्य चढत गेलं, आणि त्याचा एकेक ब्लॉक वजनाने भारी झाला.

दोनदा खर्चलेली नाणी निघाली १२५. तेव्हाच्या भावाने साधारण २९ डॉलर. वर्षापूर्वी लाखभर डॉलर गेले होते, या वेळी तीस डॉलरही नाहीत. आणि हे कोणत्या यंत्रणेने केलं नाही. एका माणसाने आपल्या यंत्राकडे येणारं काम डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि वेळेवर दुसऱ्याला सांगितलं.

पण एक हिशोब कुठे फारसा मांडला जात नाही, तो मी मांडतो. ६०३ ब्लॉक म्हणजे एका दिवसाहून थोडं जास्त. दर ब्लॉकला २५ नाणी, म्हणजे १५,०७५ नाणी. कुठल्या कुठल्या घरांतल्या ग्राफिक्स कार्डांनी दिवसभर गरम होऊन मिळवलेली ही कमाई एका झटक्यात पुसली गेली, आणि हल्लेखोराला त्याच्या ५५३ ब्लॉकांची १३,८२५ नाणी मिळाली. त्या दिवसाचं वीजबिल त्या घरांनी भरलंच असणार. एक्स्चेंज वाचलं, मायनर वाचले नाहीत. तरीही त्यांतले बरेच दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच साखळीवर कामाला लागले. मला या चलनाबद्दल जो आदर वाटतो तो या दुसऱ्या दिवसामुळे.

या टप्प्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. एसिकला दार बंद ठेवलंत म्हणूनच हल्ला सोपा झाला, असं तो सांगतो. एसिक विकत घेणारा त्या एका चलनाशी बांधला जातो. चलन बुडालं तर त्याची यंत्रं लोखंडाच्या भावात जातात, त्यामुळे तो स्वतःच्याच घराला आग लावणार नाही. ग्राफिक्स कार्डवाला आज इथे, उद्या तिथे. आणि अशी सर्वसाधारण शक्ती भाड्यानेही मुबलक मिळते. हे खरं आहे, आणि व्हर्टकॉइनवाल्यांनी ते नाकारलेलं मला कधी दिसलं नाही. माझं मत असं की ती किंमत जाणूनबुजून मोजलेली आहे. सुरक्षितता मोठ्या शेडवाल्यांकडून विकत घेता आली असती, पण मग हे चलन काढण्याचं कारणच उरलं नसतं. ज्या विहिरीवर सगळ्यांनी पाणी भरायचं तिला राखण जास्त लागते. म्हणून ती कोणा एकाच्या वाड्यात खणायची नसते.

राखणीचा पुढचा उपाय म्हणजे चौथा आकडा, १५,००,०००. आवृत्ती तीनची डागडुजी करत बसण्यापेक्षा या वेळी रीतच नव्याने, स्वतःच्या गरजेप्रमाणे रचली. ती ‘व्हर्टहॅश’. इथेरियम या मोठ्या चलनाच्या तेव्हाच्या रीतीपासून तिने स्फूर्ती घेतली. हिच्यात आकडेमोडीच्या वेगाला फारशी किंमत नाही. सव्वा गिगाबाइटच्या आसपासची एक भलीमोठी फाइल मेमरीत ठेवायची आणि तिच्यातले तुकडे पुढून, मागून, मधून, आधी सांगता येणार नाही अशा क्रमाने वाचत राहायचं. मेमरीतून माहिती किती भराभर उचलता येते यावर सगळं ठरतं, आणि त्या कामात गेमिंगचं कार्ड मुळातच तरबेज असतं. खास चिप बनवून त्यावर फारशी मात करता येत नाही. शिवाय ही रीत या साखळीची स्वतःची, त्यामुळे आवृत्ती तीनसाठी भाड्याने मिळणारी शक्ती एका रात्रीत निरुपयोगी झाली. फेब्रुवारी २०२१ च्या शेवटच्या दिवशी तो ब्लॉक आला.

मी स्वतः मायनिंग करत नाही. आपल्याकडच्या घरगुती विजेच्या दरात ते परवडण्यातलं नाही. पण नोड चालवतो, एका जुन्या लॅपटॉपवर. नवा कोड पहिल्यांदा सुरू केला तेव्हा काही वेळ पडद्यावर फारसं काही हललंच नाही. मग लक्षात आलं, तो ती फाइल तयार करतोय. कुठून उतरवून घेत नाही. सूत्र कोडमध्येच आहे आणि प्रत्येक नोड आपली फाइल आपणच घडवतो. सूत्र एकच, म्हणून जगात कुठेही घडवा, शेवटच्या बिटपर्यंत तीच फाइल. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत होता. कोणत्याही मध्यवर्ती ठिकाणाहून काहीही न मागता माझ्या टेबलावर तीच फाइल घडत होती जी इतर सगळ्यांकडे घडली होती. विकेंद्रित हा शब्द मी शेकडो वेळा वाचला असेन, त्याचा अर्थ मला त्या लुकलुकणाऱ्या दिव्यात दिसला.

चार आकड्यांवर एवढं लिहिलं, पण त्यांच्या मधली वर्षं कशात जातात? व्हर्टकॉइनचा पाया बिटकॉइनच्या कोडचा आहे. तिकडे शेकडो जण सतत सुधारणा करत असतात, आणि लहान चलनाच्या दोन-चार माणसांना त्या वेचून, आपल्या बदलांशी जुळवून, तपासून आपल्याकडे आणाव्या लागतात. मागे पडलं की पकडणं अवघड होत जातं. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइनच्या कोडमध्ये एक गंभीर दोष सापडला. त्याचा फायदा घेऊन शून्यातून नाणी निर्माण करता आली असती. बिटकॉइनमध्ये तो तत्काळ बुजवला गेला. पण तोच कोड वापरणाऱ्या पिजनकॉइन या लहान चलनावर कोणीतरी तो डाव साधला आणि तेवीस कोटींहून अधिक नाणी हवेतून काढली. थोरल्या घरातली गळती धाकट्याच्या घरातही असते, आणि धाकट्याकडे गवंडी एकच असतो. हे काम कोणाला दिसत नाही. केलं तर कळत नाही, राहिलं तर सगळं जातं.

लव्हजॉय यांनी एमआयटीच्या डिजिटल करन्सी इनिशिएटिव्हमध्ये वीसहून अधिक चलनांच्या साखळ्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा उभी केली. कुठे साखळी उलटते, कुठे तेच नाणं दोनदा खर्चलं जातं, हे ती टिपत असे. २०२० मधला त्यांचा एमआयटीतला पदव्युत्तर प्रबंध याच विषयावर आहे. बॉस्टन फेडरल रिझर्व्ह आणि एमआयटी यांच्या डिजिटल डॉलरविषयक ‘हॅमिल्टन’ प्रकल्पातही त्यांनी काम केलं. एका लहान चलनाच्या दुखण्याखुपण्यात जे शिकायला मिळालं ते सगळ्यांच्या कामी आलं.

आज हे चलन मोठं झालेलं नाही. बिट्ट्रेक्सच २०२३ मध्ये बंद पडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंग सोडलं तेव्हा रिकामी झालेली ग्राफिक्स कार्डं अनेक लहान चलनांकडे वळली, पण सगळ्यांना पुरेल एवढी कमाई कुठेच नव्हती. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून अशा चलनांच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस लागू आहे. भावासाठी या वाटेला जा असं मी कोणालाही सांगणार नाही, आणि भाव हा या लेखाचा विषयही नाही. तरुण प्रोग्रॅमरांना मात्र मी आवर्जून सांगतो की कोडचे ते जुने बदल क्रमाने वाचून काढा. चालत्या गाडीचं चाक गाडी न थांबवता चार वेळा कसं बदललं, ते त्यात ओळीओळीने आहे.

मागच्या महिन्यात लॅपटॉपची डिस्क बदलावी लागली आणि नोड पहिल्यापासून सुरू करावा लागला. नवा नोड कोणावर विश्वास ठेवत नाही. जानेवारी २०१४ च्या पहिल्या ब्लॉकपासून प्रत्येक ब्लॉक तो स्वतः तपासतो, आणि तो ज्या काळातला त्याच काळाच्या रीतीने. म्हणून पाचही रीती आजच्या कोडमध्ये जशाच्या तशा ठेवाव्या लागल्या आहेत. स्क्रिप्ट-एनने नवा ब्लॉक सापडून जमाना झाला, तरी तिच्याशिवाय पहिलं वर्षच वाचता येणार नाही. मी चहाचा कप घेऊन पट्टी पुढे सरकताना पाहत बसलो. २,०८,३०१ आला आणि गेला. ३,४७,००० गेला. आवाज नाही, सूचना नाही, पडद्यावर साधी ओळही उमटली नाही. १०,८०,००० च्या सुमाराला जेवायला उठलो. परत आलो तेव्हा १५,००,००० मागे पडला होता. रात्री उशिरा नोड आजच्या ब्लॉकपाशी येऊन थांबला, आणि थोड्या वेळाने त्यात एकाची भर पडली.